दुसऱ्याचं शिवार बघायला जाण्याआधी पहार घ्या

लग्न होऊन औसा तालुक्यात आले, त्या पहिल्याच पावसाळ्यात सासूबाई म्हणाल्या, "उद्या खुरपायला बाया सांगायच्यात." मी विचारलं, "भांगलायला ना?" घरात कुणालाच कळेना. जाऊबाईंना वाटलं, ही केसांच्या भांगाचं काहीतरी बोलतीय. माझं माहेर वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. तिकडं तण काढायच्या कामाला भांगलण म्हणतात, इकडं खुरपण. तिकडची पेरायची कुरी इकडं आली की तिफण होते. पुढं विदर्भातल्या बायांशी ओळख झाली तेव्हा कळलं, त्या निंदण करतात आणि आमच्या कोळप्याला डवरा म्हणतात. कोकणात तेच काम बेणणी.

शब्द महिन्याभरात जुळले. शेती जुळायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली, आणि एवढ्या वर्षांनीही मी एक अशी चूक केली की दोन एकरांचा हंगाम हातचा गेला. आमची सहा एकर जमीन. चार एकर मध्यम ते काळी, दोन एकर बरड, म्हणजे हलकी मुरमाड. एक विहीर, तिला फेब्रुवारीपर्यंत पाणी. सोयाबीन, तूर, हरभरा, घरापुरती ज्वारी. आमच्या गटातल्या बाया आता दरवर्षी कुठं ना कुठं शेती बघायला जातात, आणि निघायच्या आधी मला विचारतात, "ताई, तिथं जाऊन काय बघायचं?" त्यांना तोंडी सांगते तेच इथं लिहिते.

आधी आपलंच रान

दुसऱ्याच्या बांधावर जायच्या आधी आपल्या बांधात पहार घालायची. रानात तीन ठिकाणी, वर, मध्ये आणि ओघळीकडच्या कडेला, खड्डा घ्या आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते दोरीनं मोजा. पहिल्या चांगल्या पावसानंतर हे काम सोपं जातं, उन्हाळ्यात हाताला फोड येतात. आमच्या एकाच गट नंबरात बरडावर फूटभराच्या आत मुरूम लागला, विहिरीजवळ दोन फुटांवर, आणि ओघळीच्या अंगाला साडेतीन फूट खणलं तरी काळी मातीच. सातबाऱ्यावर ही तिन्ही रानं एकच आहेत. पिकाला मात्र ती तीन गावं आहेत.

याला एवढं महत्त्व का? कोरडवाहूत पाऊस थांबल्यावर पीक जगतं ते मातीत साठलेल्या ओलीवर, आणि ओल किती साठणार ते खोलीवर ठरतं. रब्बी ज्वारीच्या वाणांची शिफारससुद्धा जमिनीच्या खोलीवरून केलेली असते. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा किंवा जुनी मालदांडी, भारी काळीला फुले वसुधा. खोली माहीत नसेल तर दुकानदार जे हातात देईल ते पेरायचं, दुसरं काय.

दुसरी गोष्ट पाऊस. सरळ उभ्या कडांचा एखादा डबा उघड्यावर ठेवा, आसपास झाड किंवा भिंत नको. रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टी बुडवून किती मिलिमीटर साठलं ते लिहायचं आणि डबा ओतून द्यायचा. पेरणीला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय हात घालू नका, हे कृषी खातं दरवर्षी सांगतं आणि दरवर्षी निम्मं गाव पहिल्या सरीलाच तिफण जुंपतं. पण एकूण आकड्यापेक्षा उघडीप जास्त महत्त्वाची. किती दिवस पाऊस नव्हता आणि त्या वेळी पीक कोणत्या अवस्थेत होतं, हे दोन वर्षं लिहिलंत तर तुमच्या रानाची खोड तुम्हाला कळेल.

मग विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असतं ते, आणि घरात कामाचे हात किती आहेत ते लिहा. हात लिहायला लोक लाजतात. आमच्याकडं चार आहेत, त्यातले दोन माझे आणि माझे गुडघे दुखतात, तेही मी लिहून ठेवलंय. वहीचं पहिलं पान एवढ्यानं भरतं. ती वही सोबत घेऊनच दुसऱ्याच्या शिवारात पाऊल टाकायचं.

कुठं जायचं, कधी जायचं

पहिली भेट लांबची नको. तुमच्यासारखीच माती, तुमच्यासारखाच पाऊस, पण वेगळी पद्धत करणारा माणूस वीस-पंचवीस किलोमीटरच्या आत सापडतोच. आम्ही तुरीची शेंडा खुडणी शेजारच्या तालुक्यात शिकलो. पेरणीपासून ४५ दिवसांनी एकदा आणि साधारण ६५ दिवसांनी पुन्हा शेंडे खुडले की तूर उंच पळायची थांबते आणि फांद्या धरते. त्याला ना मोठा खर्च, ना वेगळं पाणी. असं ज्ञान पहिल्याच वर्षी घरी आणता येतं.

ठिकाण सापडत नसेल तर कृषी विज्ञान केंद्रात विचारा, नाहीतर तालुका कृषी कार्यालयात 'आत्मा' या सरकारी शेती-प्रशिक्षण योजनेच्या माणसाला धरा. अभ्यास दौरे आणि शेतीशाळा त्यांच्या कामातच येतात. परभणीच्या विद्यापीठाचा खरीप मेळावा १८ मेला असतो, विद्यापीठाच्या स्थापनादिनी, आणि रब्बीचा १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तिथं भाषणांच्या मांडवात बसून राहू नका. बियाण्याच्या रांगेत उभ्या राहा. रांगेत पुढं-मागं असलेली माणसं वेगवेगळ्या जिल्ह्यांतली असतात आणि तास-दोन तास कुठं जात नसतात. माझ्या वहीतले निम्मे फोन नंबर त्या रांगेतले आहेत.

लांबच्या शिवारात जायचंच असेल तर वेळ निवडून जा. पीक जोमात असताना सगळेच बोलावतात, चहा देतात, शेंगा मोजून दाखवतात. पाऊस पंधरा-वीस दिवस थांबलेला असताना जा. दुपारी दोन वाजता पानं माना टाकतात की नाही, जमिनीला भेगा किती पडल्यात, मोटार चालू आहे की बंद, हे तेव्हा दिसतं. तेच अतिवृष्टीनंतर. पाणी कुठून निघून गेलं आणि कुठं तुंबलं हे दोन दिवसांत बघितलं तर कळतं, नंतर सगळी रानं सारखीच दिसतात.

रस्त्याकडेच्या प्लॉटबद्दल सांगायलाच हवं. एका कंपनीनं आम्हाला बसनं नेलं होतं, टोप्या दिल्या, जेवण दिलं. पीक खरंच सुंदर होतं. मी शेतकऱ्याला विचारलं, "दादा, खताचे पैसे कुणी दिले?" तो हसला आणि कंपनीच्या माणसाकडं बघायला लागला. तेव्हापासून मी दोन माणसं शोधते. एक, ज्याचा प्लॉट दाखवतात तो. दुसरा, त्याच गावात तीच गोष्ट दोन वर्षं करून ज्यानं सोडून दिली तो. हा दुसरा माणूस प्रत्येक गावात असतो, पारावर विचारलं की सापडतो. पहिल्यापेक्षा तो जास्त शिकवतो, आणि त्याला कुणी कधी विचारलेलं नसल्यामुळं भरभरून बोलतो.

आकडा ऐकला की थांबा

आमच्या लातूरकडं सोयाबीनचा उतारा, म्हणजे पीक किती पडलं ते, एकरावर सांगत नाहीत, बॅगवर सांगतात. "यंदा बॅगला आठ झालं." बॅग म्हणजे ३० किलो बियाणं, ते तिफणीनं किंवा ट्रॅक्टरनं साधारण एकरभर पडतं, म्हणून बॅग आणि एकर आमच्या तोंडी एकच झालेत. (आता काही कंपन्यांच्या बॅगा कमी वजनाच्याही येतात, तो वेगळा घोळ.)

माझ्या माहेरी सोयाबीन टोकतात. माणसं वाकून ठरलेल्या अंतरावर दोन-दोन दाणे लावतात. एकरी १४-१५ किलो बियाणं पुरतं, म्हणजे एका बॅगेत दोन एकर. आमच्या गावातली दहा-बारा माणसं मी एकदा तिकडं नेली. माझ्या भावानं त्यांच्याच भाषेत सांगायचं म्हणून सांगितलं, "बॅगला २६ क्विंटल पडलं." आमचे लोक गार. परतीच्या गाडीत तोच एक विषय. घरी येऊन वहीत मांडलं तेव्हा हिशेब निघाला एकरी १३ क्विंटलचा. चांगलाच आहे, पण २६ नाही. आणि त्या १३ साठी दोन पाणी दिलेलं होतं.

तर आकडा ऐकला की तीन प्रश्न विचारा: कशावर मोजला, ओला मोजला की वाळलेला, आणि पूर्ण रानाचा की चांगल्या पट्ट्याचा. खानदेशात कुणी बिघ्यावर सांगितलं तर तुमचा बिघा किती गुंठ्यांचा हे आधी विचारून घ्या. भाताच्या पट्ट्यात खंडीवर सांगतील, तिथं खंडी किती किलोची ते विचारा. कट्टा म्हटलं तर कट्ट्याचं वजन. विचारल्याचा राग कुणाला येत नाही. उलट समोरच्याला कळतं की ही बाई फोटो काढायला आलेली नाही.

चुलीपुढचं उत्तर

पुरुषमंडळी बांधावर उभी राहून बोलत असतात तेव्हा मी घरात जाते. चहाला मदत करायच्या निमित्तानं चुलीपुढं, म्हणजे आता गॅसपुढं, बसायचं आणि तिथल्या बाईला विचारायचं. बांधावर उत्तर मिळतं, "टोकण सोपी आहे हो, दोन दिवसांत होते." आत विचारलं की कळतं, एकराला आठ-दहा बाया लागल्या, दोघी आल्याच नाहीत, मग घरच्या सगळ्यांनी रात्री बॅटरीच्या उजेडात कडेच्या ओळी पुऱ्या केल्या. बांधावर कळतं, "मजुरी काय, आमच्यात सावड असते." आत कळतं की सावड फेडायला हिला पुढचे सहा दिवस दुसऱ्यांच्या रानात जावं लागलं.

सावडीवरून आठवलं. एकमेकांच्या रानात फिरून काम फेडायची ही रीत सगळीकडं आहे, नावं मात्र निराळी. दक्षिणेकडं सावड, आमच्याकडं इर्जिक, नगर-पुण्याच्या बाजूला वारंगुळा, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात पडकई. पण जिथं अशी रीत जिवंत आहे तिथली पद्धत, जिथं ती मोडलीय तिथं नेली तर मजुरीचा खर्च नवा उभा राहतो. आमच्या गावात इर्जिक आता फक्त म्हाताऱ्यांच्या बोलण्यात उरलीय. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी विचारते, हे काम कोण करतं, आणि त्या आठवड्यात गावात दुसरं कुठलं काम चालू असतं. कृष्णाकाठी पाणी हाताशी असल्यानं टोकण दहा-पंधरा दिवस मागं-पुढं होऊ शकते, बाया वाटून घेता येतात. आमच्याकडं वाफसा आला, म्हणजे माती पेरण्याजोगी ओली झाली, की चार दिवसांत अख्खं गाव पेरतं. त्या चार दिवसांत आठ बाया कुठून आणायच्या?

माझी दोन एकरं

आता ती चूक. २०२३ च्या उन्हाळ्यात भावाकडं गेले होते. केडीएस ७२६, म्हणजे फुले संगम, हे सोयाबीन त्याच्या रानात आदल्या वर्षी कमरेला लागलं होतं. वाण सांगली जिल्ह्यातल्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्रातलं, त्या मातीत वाढलेलं. मी बियाणं आणलं आणि बरडावर, दोन्ही एकरांत, टोकलं. बरडावर का? तर चांगलं रान ठरलेल्या पिकाला ठेवायचं आणि नव्या गोष्टीला हलकं रान द्यायचं, अशी आपल्याकडं रीत आहे. ही रीतच उलटी आहे, पण ते पुढं सांगते.

पाऊस उशिरा आला. जुलैत टोकण झाली, उगवण छान. ऑगस्टमध्ये फुलं लागायला आणि पाऊस गायब व्हायला एकच गाठ पडली. तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. फूटभर मातीत ओल किती टिकणार? त्यात टोकणीचं अंतर मोठं. भावाकडं त्या अंतरात झाडं पसरतात आणि जमीन झाकतात. माझ्याकडं झाडं वीतभरच राहिली, मधली जमीन उघडी पडून तापली आणि भेगाळली. हे वाण जेएस ३३५ या जुन्या वाणापेक्षा थोडं उशिरा येणारं, त्यामुळं शेंगा भरायची वेळ आणखी पुढं गेली. दोन एकरांत मिळून साडेतीन क्विंटल. बांधाला बांध असलेल्या दिराच्या बरडावर, नेहमीच्या तिफणीनं पेरलेलं जुनं वाण एकरी तीन क्विंटल तरी झालं.

सासूबाई तेव्हा एवढंच म्हणाल्या, "माहेरचं बी आणलीस, माहेरची नदी आणायची राहिली की."

त्यांचं खरं होतं. पाऊस म्हणाल तर वाळव्यात आमच्यापेक्षा फार जास्त पडतो असं नाही. फरक कृष्णेच्या पाण्याचा आणि खोल मातीचा. भाऊ फुलोऱ्यात एक आणि शेंगा भरताना एक पाणी देतो, आणि ते इतकं सवयीचं आहे की मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलंसुद्धा नाही. लपवलं नव्हतं. त्याच्या लेखी ती पद्धत नाहीच, ते रोजचं जगणं आहे. म्हणून आता मी "तुम्ही काय करता?" एवढं विचारून थांबत नाही. "पेरल्यापासून काढेपर्यंत या रानात किती वेळा पाय ठेवला, आणि कशासाठी?" असं विचारते. मग मोटार चालू करायला गेलेली चक्करसुद्धा बाहेर येते.

पद्धत नको, कारण आणा

मंगळवेढ्याला पहिल्यांदा गेलो तेव्हा आमच्या बाया बुचकळ्यात पडल्या होत्या. श्रावणात एवढी काळी, खोल जमीन आणि तिच्यावर पीक नाही. अख्खा पावसाळा नुसत्या कुळवाच्या पाळ्या. आमच्यातली एक म्हणाली, "ही माणसं आळशी आहेत का काय?" तर तिथं सोलापूरकडचा जोराचा पाऊस सप्टेंबरात पडतो. जून-जुलैच्या भरवशावर तिथं खरीप घेणं जुगार आहे. म्हणून पावसाळाभर जमीन ओल पिऊन ठेवते, तण कुळवानं मरतं, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मालदांडी पेरली की ती पाण्याविना, साठल्या ओलीवर निघते.

आता आम्ही खरीप पडीक ठेवायचं का? नाही. आम्हाला जूनचा-जुलैचा पाऊस मिळतो. पण कारण आमच्या कामाचं होतं: पाऊस किती यापेक्षा कधी, आणि पीक नसलं तरी ओल साठवता येते. त्यातून आम्ही एवढंच घेतलं की सोयाबीन काढल्यावर रान उघडं तापत ठेवायचं नाही, ओल वर आहे तोवर हरभरा पडला पाहिजे. तेच आम्हाला पुढं खारपाणपट्ट्यातल्या एका शेतकऱ्यानं सांगितलं. अकोला, अमरावती, बुलढाण्यातला पूर्णेच्या खोऱ्यातला तो पट्टा. विहिरीला पाणी लागतं पण खारं, पिकाला देता येत नाही. ज्याच्याकडं पाणी असून नसल्यासारखं आहे, त्याच्याइतकी ओलीची किंमत कुणाला कळणार? ओल राखायला शिकायचं असेल तर बागायती गावात जाऊ नका, खारपाणपट्ट्यात जा.

कोकणातलं उदाहरण याच्या उलट. रायगडमध्ये नेरळला चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र उभं केलं. एकदा गादीवाफे करायचे, पुढं नांगरट नाही, चिखलणी नाही. लोखंडी साच्यानं खुणा पाडून भात टोकायचं, कापणीनंतर मुळं जमिनीतच ठेवायची. मी गेले तेव्हा मनात म्हटलं, भाताचं आम्हाला काय? आमचा वर्षाचा पाऊस तिकडं एका जुलैत पडतो. पण मराठवाड्यातल्या काही शेतकऱ्यांनी त्यातलं कारण उचललं, मुळं जागेवर कुजू द्या आणि माती उलटू नका, आणि ते सोयाबीनला लावलं. साचा बदलला, अंतर बदललं, पीक बदललं. यात तणनाशकाचा आधार घ्यावा लागतो, तो तुम्हाला चालणार आहे का हे आधी घरात ठरवा. आमच्या घरात अजून एकमत नाही.

आम्ही मात्र गादीवाफ्याचं पेरणी यंत्र, बीबीएफ, धरलं. रुंद वरंब्यावर पेर आणि बाजूला सरी. पाऊस कमी तर सरीत मुरतं, जास्त तर सरीतून निघून जातं. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पाण्यानं पिकं कुजली, तेव्हा आमच्या मधल्या रानातलं पीक सरींनी वाचवलं. ओघळीकडचं नाही वाचलं. तिथं सऱ्यांनी पाणी कुठं न्यायचं? ओघळच भरून वाहत होती.

पाच गुंठे

आणलेली गोष्ट लावायची कशी, ते आता माझं पक्कं झालंय. पाचच गुंठे. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट. म्हणून ३३ फूट रुंद आणि १६५ फूट लांब पट्टा दोरीनं आखून घ्या, पाच गुंठे झाले. हा पट्टा नेहमीच्या पिकाच्या मधोमध घ्यायचा, बांधाकडेला नाही. बांधाशी झाडाची सावली पडते, जनावर तोंड घालतं, शेजाऱ्याचं पाणी येतं. आणि हलक्या रानात नाही. चाचणी घ्यायची तर ज्या रानात ते पीक पुढं घ्यायचंय तिथंच.

दोन्हीकडं पेरणी एकाच दिवशी, खत एकच, फवारणी एकच. बदल एकच ठेवा. वाण बदललं तर पद्धत जुनी, पद्धत बदलली तर वाण जुनं. मी २०२३ मध्ये वाण, टोकण आणि रान तिन्ही एकदम बदललं होतं, त्यामुळं नेमकं काय बुडालं ते आजही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. वर लिहिलं तो माझा अंदाज आहे.

बियाणं बाहेरून आणलं असेल तर उगवण बघा. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडून गुंडाळी करा, सावलीत ठेवा, ओल टिकवा, आणि आठवड्यानं मोड मोजा. ७० किंवा जास्त उगवले तर ठरल्या दरानं पेरा, कमी उगवले तर बियाणं वाढवा. फारच कमी असतील तर पेरूच नका. सोयाबीनचं पोतं टेम्पोतून धाडकन टाकू देऊ नका, त्याचं टरफल पातळ असतं.

काढणीला पाच गुंठ्यांचं वेगळं मळून, वाळवून, वजन करायचं. त्याला आठनं गुणलं की एकराचा आकडा आला. शेजारचे नेहमीचे पाच गुंठेही तसेच वेगळे तोला, नाहीतर तुलना कशाशी करणार? मग त्याच पानावर मजुरी लिहा, घरच्या हातांसकट. २०२४ मध्ये मी भारी रानात पाच गुंठे टोकण केली, वाण आमचं नेहमीचं. दाणे थोडे जास्त पडले, बियाणं निम्मं वाचलं, पण मजुरी धरली तर बरोबरीत सुटलं. घरचे हात जास्त असतील त्यांनी करावं, आम्ही सोडून दिलं. एका वर्षावर विश्वास ठेवू नका, दोन वर्षं तरी बघा. एक ओलं आणि एक कोरडं मिळालं तर नशीबच म्हणायचं.

आणि ज्याच्याकडून शिकलात त्याला काय झालं ते कळवा, बुडालं तरी. फोनवर "साडेतीन क्विंटल झालं" म्हटल्यावर माझा भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी पाण्याचं बोललोच नव्हतो का?" आता तो कुणी बघायला आलं की आधी मोटार दाखवतो.

जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, एवढं सांगायची गरज नाही. मी घरची तूरडाळ नेते. परवा तीच डाळ खाऊन वहिनीचा फोन आला. यंदा उसाच्या कडेच्या रानात तूर लावायचं तिच्या मनात आहे, बी पाठवून द्या म्हणाली. आम्ही बीडीएन ७११ लावतो, लवकर येणारी, मध्यम रानाची. मी म्हटलं, "आधी पहार घे, खड्डा खण, मुरूम किती फुटांवर लागतो ते मला सांग."

"वन्सं," ती म्हणाली, "आमच्यात मुरूम बघायचा तर विहीर खणाय लागती."

"मग तुझी तूर माडीएवढी होईल आणि शेंगा चार धरील. किलोभर पाठवते. पाच गुंठ्यांच्या वर लावू नको."